क्रुसांची लाईन

मिशनच्या शाळेला पन्नास वर्षं झाली, आणि त्याची पहिली शिक्षा कबरस्थानातल्या लोकांना झाली.

बिशप साहेब दोन नोव्हेंबरला येणार असं पत्र आलं. दोन नोव्हेंबर म्हणजे मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी गावातली ख्रिस्ती माणसं कबरींवर चुना मारतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, आणि फादर एकेका कबरीजवळ थांबून नाव घेतात, पवित्र पाणी शिंपडतात. दरवर्षी फादर मोटरसायकलवर यायचे. यंदा बिशप साहेब गाडीतून येणार होते. हेडमिस्ट्रेस सिस्टर लिडविना पत्र हातात घेऊन तडक शाळेमागच्या कबरस्थानात गेल्या. मागे छत्री घेऊन शिपाई मोतीलाल. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, कळसाडीपर्यंतची सगळी कपाशी भिजून काळी पडली होती.

कबरस्थानात एकतीस कबरी होत्या. ज्याला जिथं माती मऊ लागली, तिथं त्यानं खणलं होतं. कोणाचे पाय रस्त्याकडे, कोणाचे सुकलालच्या कपाशीकडे. क्रूस कोणी सागाचा केला होता, कोणी बाभळीचा. सुरुपसिंगनं तर बापासाठी मोडक्या बैलगाडीचा दांडा वापरला होता. पावसानं निम्मे क्रूस कलले होते, दोन एकमेकांवर रेलले होते.

"मोतीलाल, हे काय आहे?"

"कबरस्थान, सिस्टर."

"हे नापास मुलाचं अक्षर आहे," सिस्टर म्हणाल्या. त्या मंगळूरकडच्या, पण मराठी पुस्तकासारखं बोलायच्या. "सगळे क्रूस काढ. जमीन सपाट करून घे. क्रूस रंगव, आणि परत लाव. सरळ लाईन पाहिजे. सकाळी प्रार्थनेला मुलं उभी राहतात ना, अगदी तशी."

मोतीलाल बावीस वर्षं शाळेची घंटा वाजवत होता आणि बावीस वर्षं पोरांच्या लाईनी लावत होता. तो म्हणाला, "व्हई जाई, सिस्टर."

जाता जाता त्याची नजर बोरीखालच्या एका छोट्या क्रुसावर गेली. त्यावर नाव होतं : चेतना मोतीलाल, इयत्ता तिसरी. दीड वर्षापूर्वी सिकलसेलच्या दुखण्यानं गेली होती. चिंचपाड्याच्या दवाखान्यात अकरा दिवस ठेवली, बाराव्या दिवशी आणली. शाळेचा लाल स्वेटर अंगात घालूनच तिला पुरलं होतं, कारण तिला सारखी थंडी वाजायची.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. रूपलीबाई शाळेत खिचडी करायची. दर शुक्रवारी भांडी घासून झाली की ती कबरस्थानात जाऊन बसायची. रडायची नाही, नुसती बसायची. तंबाखू मळायची आणि पोरीला आठवड्याच्या गोष्टी सांगायची : कोणाच्या डब्यात काय होतं, कोण पडलं, कोणाला मार बसला.

ती म्हणाली, "सगळा काढ. चेतनाना क्रूसले हात लाऊ नको."

"सिस्टरनी सांगं शे, सगळा काढाना."

"एक ऱ्हायना तं काय व्हई?"

"लाईन बिघडी."

रूपलीबाईनं भाकरी परतली. "तुन्ही लाईन," एवढंच म्हणाली.

मोतीलाल अडाणी नव्हता, सातवी पास होता. सोमवारी क्रूस उपटण्याआधी त्यानं प्रत्येकाच्या मागच्या बाजूला खडूनं नंबर घातला, एक ते एकतीस. मग जिथून क्रूस काढला तिथं हातभर खुंटी ठोकली, आणि तिच्यावर तोच नंबर कोळशानं लिहिला. बाभळीचे क्रूस जमिनीनं धरून ठेवले होते. ते काढताना त्याच्या कमरेत उसण भरली. चेतनाचा क्रूस मात्र नुसता धरला आणि हातात आला. नंबर सतरा. त्यानं तो बैलगाडीत बाकीच्यांच्या वर ठेवला. खाली दबू नये म्हणून.

रंगाचं काम गफूर पेंटरकडे होतं. गफूर खापरहून आला होता. फ्लेक्स आल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळे मिळालेलं काम तो जिवाच्या वर करायचा. शाळेच्या भिंतीला एकतीस क्रूस टेकवून उभे केले. गफूरनं ते आधी पॉलिश पेपरनं घासले, मग पांढऱ्या ऑईलपेंटचे दोन हात दिले. नावं काळ्या रंगात, अक्षराला सावली दिलेली. मोतीलाल गुरुवारी बघायला गेला तेव्हा क्रूस दुधासारखे दिसत होते.

गफूर म्हणाला, "मोतीभाऊ, देखो. मागची बाजू पण सोडली नाही. मागं पोरांनी खडूनं कायबाय लिहून ठेवलं होतं, घासून टाकलं."

मोतीलालनं एका क्रुसामागं डोकावून बघितलं, मग दुसऱ्यामागं.

"खराब झालं का काही?"

"नही, गफूरभाई. बेस शे," मोतीलाल म्हणाला. क्रूस मुके झाले तरी जागा तर होत्या. खुंट्या होत्या. कोणाची खुंटी कोणती, हे त्याला डोक्यात आठवत होतं, बरंचसं.

तो कबरस्थानाकडे गेला. कबरस्थान नव्हतं. तिथं एक मैदान होतं.

शेजारचा शेतकरी सुकलाल ट्रॅक्टरवर बसून शेवटची फेरी मारत होता. सिस्टरनी विचारल्यावर त्यानंच होकार दिला होता. "पाटा मारी देस ना सिस्टर, फुकट. मेलेलासनं पुन्य शे." पुण्याबरोबर त्यानं आपला बांध दीड हात कबरस्थानाच्या आत सरकवून घेतला होता, तेही फुकट. कबरींचे उंचवटे गेले होते. बोरीचं झाड गेलं होतं.

"सुकलालभाऊ, खुंट्या कोठे शेत?"

"कोनत्या खुंट्या?"

"मी ठोकेल व्हत्यात. एकतीस."

"त्या का? पाटाले अडकी ऱ्हायन्यात व्हत्यात. गडीनी वेची काढ्यात. शाळामा सरपनले धाडी दिन्यात." सुकलाल खूष होता. "काही वाया जाऊ दिनं नही मी."

मोतीलाल पळत शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. दिवाळीची सुट्टी असूनही जुबिलीच्या नाचाच्या सरावाला पोरं येत होती, त्यांना खिचडी होती. सिलेंडर संपलं होतं म्हणून रूपलीबाईनं दगडांची चूल मांडली होती. खिचडी शिजून झाली होती. राखेच्या कडेला एक टोक उरलं होतं, त्यावर कोळशाचा अर्धा आकडा. रूपलीबाई पातेलं उतरवत म्हणाली, "आज लाकडं चांगला सुका उनात. भक्कन पेटनात."

मोतीलालनं ते टोक पायानं राखेत लोटलं. तिला काही सांगितलं नाही. ते त्यानं पुढेही कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी तो एकटाच क्रूस लावायला गेला. दोरी ताणली. खेळाच्या दिवशी करतात तशा चुन्याच्या रेघा मारल्या, चार रेघा. मग त्या सपाट जमिनीकडे बघत कंबर धरून उभा राहिला. त्यानं आठवायचा प्रयत्न केला. बोर कुठं होती? बोर कुठं होती तेच कळेना, तर बोरीपासूनची पावलं कुठून मोजणार? अकरा वाजता सिस्टरचा निरोप आला, अजून झालं नाही का. ऊन चढलं. माणूस घाबरला की हातांना जे येतं ते करतो. मोतीलालच्या हातांना एकच काम यायचं. त्यानं बुटके पुढं आणि उंच मागं, असे एकतीस क्रूस उंचीप्रमाणे लावून टाकले. दोन क्रुसांत एक हात अंतर. पोरांना सांगायचा तसं मनात म्हणालाही : सावधान.

सिस्टर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती शिस्त," त्या म्हणाल्या.

दुपारी भांडी घासून रूपलीबाई आली. शुक्रवार होता. पदराला हात पुसत ती फाटकातच थांबली. मग पहिल्या लाईनीपर्यंत चालत आली. चेतनाचा क्रूस त्या लाईनीत तिसरा होता, नव्या रंगात, सावली दिलेल्या अक्षरांत.

"मन्ही पोर कोठे शे?"

"हाई काय, तिन्हा क्रूस."

"हाई लाकूड शे. पोर कोठे शे?"

मोतीलालनं हात वर केला आणि तो कुठं दाखवायचा हे न कळून तसाच धरून ठेवला.

रूपलीबाई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चप्पल काढली आणि अनवाणी फिरायला लागली. चार पावलं चालायची, बसायची, शाळेकडे बघायची, उठायची. पूर्वी चेतनाजवळ बसलं की तिला स्वयंपाकघराचं दार आणि घंटेचा खांब एका रेषेत दिसायचा. पण मध्ये आता जुबिलीची कमान उभी राहिली होती, तिच्यावर बिशप साहेबांचा दहा फुटी हसरा चेहरा. कुठंही बसलं तरी बिशप साहेबच दिसायचे. पाच वाजेपर्यंत तिनं सगळं मैदान बसून काढलं. त्या दिवशी तिनं पोरीला काही सांगितलं नाही. सांगायचं कोणत्या दिशेला?

शनिवारी बाकीची घरं आली, घमेली, चुना, झेंडू घेऊन.

आधी सगळे थक्क झाले. मग सुरुपसिंग चौथ्या लाईनीत आपल्या बापाच्या क्रुसासमोर गेला. तो सर्वांत शेवटी होता, कारण बैलगाडीचा दांडा सर्वांत लांब.

"मोत्या, मन्हा बाप साडेचार फूटना व्हता. तेले शेवटली लाईनमा कसा उभा करा तू?"

"क्रूस उच्चा व्हता ना, दाजी."

"आनि तो रस्ताकडे व्हता! रोज एस्टी देखाले भेटे तेले!"

प्रचारक नवलसिंग मास्तर म्हातारा होता. चाळीस वर्षं त्यानं पाड्यापाड्यांत प्रार्थना शिकवल्या होत्या आणि त्याला त्या सगळ्या पाठ होत्या. तो काठी टेकत आपल्या आईच्या क्रुसाशी आला, शेजारचं नाव वाचलं, आणि खाली बसला. शेजारी त्याची काकू होती.

"मन्ही माय वीस वरीस हिन्हा संगे बोलनी नही," तो म्हणाला. "कोंबडीवरथून. मरतांना सांगं तिनी, माले तिन्हापाईन दूर ठेवज्यात. आते जोडे जोडे निजाडी दिन्ही तू."

"मास्तर, त्या कोठे हलन्यात? नुसता क्रूस हलना," मोतीलाल म्हणाला.

"मंग मन्ही माय कोठे शे?"

पुन्हा तोच प्रश्न. मोतीलालला वाटलं हा प्रश्न आता जन्मभर चालेल. दोन घरांनी एकाच जागेवर चुना मारला आणि घमेल्यांनी मारामारी झाली. एका घरानं शहाणपणा करून चार ठिकाणी माळा ठेवल्या. कोणीतरी मोतीलालच्या तोंडावर चुन्याचा कुंचला मारला. तो त्यानं पुसला नाही, वाळू दिला.

सिस्टर धावत आल्या. त्यांनी सगळ्यांना लाईनीत उभं केलं. "भांडू नका. आपण सगळ्यांसाठी एकच प्रार्थना करू. कोण कुठे आहे ते देवाला माहीत आहे."

मागून रूपलीबाई बोलली. तिच्या हातात दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी निवडायची तुरडाळ होती. "देवले माहीत शे, सिस्टर. देवना काय जास? माले माहीत नही ना."

सिस्टरनी तीनदा टाळी वाजवली. त्यांनी सगळ्यांकडून एक गाणं म्हणून घेतलं.

रात्री दोघं जेवायला बसली. मोतीलालनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. शेवटी म्हणाला, "तुनी सांगं व्हतं, तिन्हा ऱ्हाऊ दे. मी आयकं नही."

"निजी जाय. सकाळे पाच वाजता वरन टाकानं शे," रूपलीबाई म्हणाली.

रविवारी बिशप साहेब आले. मिसाची प्रार्थना झाली. मांडवात सत्कार झाले. आमंत्रण पत्रिकेत छापलेलं असल्यामुळे ते टळणं शक्य नव्हतं. सातवं नाव पुकारलं गेलं : आदर्श सेवक, श्री. मोतीलाल. त्याला शाल, नारळ आणि पेन मिळालं. बिशप साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "असं शिस्तीचं कबरस्थान मी आमच्या सगळ्या पॅरिशमध्ये पाहिलं नाही," ते माईकवर म्हणाले. टाळ्या वाजल्या. सुरुपसिंगनंही वाजवल्या, मोतीलालच्या डोळ्याला डोळा लावून, सावकाश, शेवटपर्यंत.

मग सगळे कबरस्थानात गेले. लाईन सरळ असल्यामुळे बिशप साहेबांचं काम सोपं झालं. चार रेघांमधून चालत त्यांनी पाणी शिंपडलं, आणि सहा मिनिटांत एकतीस मेलेले आशीर्वादित झाले. चेतनाच्या क्रुसावर थेंब पडले. रूपलीबाई जेवणाच्या मांडवातून डाव हातात घेऊनच आली होती. ती मोतीलालच्या कानाशी म्हणाली, "पानी कोनावर पडनं ते?"

 नारळ आणि पेन त्यानं खाली ठेवलं. पहिल्या लाईनीत गेला, तिसरा क्रूस दोन्ही हातांनी धरून हलवला आणि उपटला. कमरेतून कळ गेली, तसा तो वाकला. क्रूस खांद्यावर घेतला, शालीवरून.

"मोतीलाल!" सिस्टर म्हणाल्या. "लाईन!"

"चाल," तो बायकोला म्हणाला. "दाखाड."

रूपलीबाईनं चपला काढल्या, डाव त्यांच्यावर ठेवला. ती पुढं, तो मागं. थोडं गेल्यावर ती थांबली. त्यानं क्रुसाचं टोक जमिनीला टेकवलं. तिनं पायानं माती चाचपली. "नही," ती म्हणाली. त्यानं पुन्हा खांद्यावर घेतला.

आता झालं असं, की नवलसिंग मास्तरानं वाकलेला माणूस बघितला, अंगावर वस्त्र बघितलं, खांद्यावर क्रूस बघितला. मागे तीनशे माणसं होती आणि समोर बिशप. चाळीस वर्षांची सवय घशातून आपोआप बाहेर पडली.

"स्थान पहिले!" मास्तर ओरडला आणि गुडघ्यावर बसला.

नोव्हेंबरात क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानांवर थांबत केलेली प्रार्थना, कोणी करत नाही, ती उपवासकाळात करायची असते. पण जुबिलीचा कार्यक्रम आहे, सिस्टरनी काहीतरी बसवलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. तीनशे माणसं गुडघ्यावर बसली. बिशप साहेबांनी सिस्टरकडे कौतुकानं बघितलं आणि तेही बसले. सिस्टरचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं आणि त्याही बसल्या.

मोतीलाल पुढं निघाला की लोक उठायचे आणि गाणं म्हणत मागं चालायचे. रूपलीबाई थांबली की मास्तर स्थान पुकारायचा. मोतीलाल एकदा चुन्याच्या रेघेवर पाय घसरून पडला, तेव्हा मास्तर खणखणीत म्हणाला, "स्थान तिसरे! येशू पहिल्यांदा खाली पडतो!" बायकांनी डोळे पुसले. एकीनं पुढं येऊन आपल्या रुमालानं मोतीलालच्या गालावरचा घाम टिपला आणि पवित्र गोष्ट जपावी तशी त्या रुमालाची घडी घातली.

"आठे?" मोतीलाल विचारायचा.

"नही."

"आठे देख. मऊ शे."

"पाटानी मऊ करी शे ती. नही."

बांधाच्या पलीकडे सुकलाल उभा होता. आपण आत ओढलेल्या दीड हाताबद्दल ही मिरवणूक निघाली आहे की काय, या शंकेनं तो कपाशीत मागं मागं सरकत होता.

"स्थान दहावे." रूपलीबाई खाली बसली, दोन्ही तळहात जमिनीला टेकवले. मोतीलालची शाल एका बाजूनं ओघळली होती. "आठे बोर व्हती का वं?" त्यानं विचारलं. ती बराच वेळ बसली. मग उठली.

चौदाव्या वेळी ती मैदानाच्या पार टोकाला थांबली. मास्तरानं चौदावं स्थान म्हटलं, येशूला कबरेत ठेवतात, शेवटची प्रार्थना म्हटली आणि आमेन केलं. सगळ्यांनी आमेन केलं. मग सगळे उठले, गुडघे झटकले. चौदाच्या पुढं पुस्तकात काही नाही. बिशप साहेब मोतीलालच्या पाठीवर हात ठेवून "फार हृदयस्पर्शी" म्हणाले आणि गाडीला उशीर होतोय म्हणून जेवायला निघाले. त्यांच्यामागं तीनशे माणसं निघाली.

रूपलीबाई म्हणाली, "नही. आठे नही."

मोतीलालनं क्रूस उचलला. आता खांद्यावर घेता येईना, म्हणून त्यानं तो लहान पोराला उचलावं तसा छातीशी धरला. गफूरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. शालीला काळी अक्षरं लागली. दोघंच मैदानात चालायला लागली. मांडवातून ताटांचा आवाज येत होता.

"ओ रूपलीबाई!" कोणीतरी कमानीपाशी येऊन ओरडलं. "वरन कोठे ठेवं? बिशप साहेब बठी ग्यात!"

ती थांबली. वळून तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर कालचा चुना घामानं ओला होऊन डोळ्यात उतरत होता, आणि तो तिच्या पायांकडे बघत होता, ते हलतात का म्हणून.

"आठे?" त्यानं विचारलं.

रूपलीबाईनं पायाखालची माती बघितली नाही.

"हा," ती म्हणाली. "आठेच व्हती. ठेव."

मोतीलालनं क्रूस खाली ठेवला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खड्डा उकरायला लागला.

"खोल काढ," ती म्हणाली. "पडी नही पाहिजे." मग तिनं डाव उचलला आणि वरण वाढायला गेली.